गोव्यातून पोर्तुगालच्या किनाऱ्यावर: सुट्टी आणि पोर्तुगीजचा सराव

दारात समुद्र असताना गोंयकाराने दुसऱ्याच्या समुद्रावर जावे कशाला, हा प्रश्न घरातले कुणीतरी विचारणारच. उत्तर सोपे आहे. मूल शाळेत तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज शिकत असेल, किंवा घरातले कुणी पणजीच्या कामोंइश केंद्रात वर्गाला जात असेल, तर वर्गात तीन वर्षांत न सुटलेली जीभ किनाऱ्यावरच्या गावात दहा दिवसांत सुटू शकते. अट एकच: दहाही दिवस एकाच गावात राहायचे. लिस्बन दोन दिवस, पोर्तु दोन दिवस, मग अल्गार्व्ह, असा बेत केला की रोज नवे हॉटेल, नवा वेटर आणि रोज तेच पहिले वाक्य. भाषा पुढे सरकते ती त्याच पाववाल्याने तिसऱ्या दिवशी तुम्हाला ओळखल्यावर.

गाव कुठले

इथे एक पेच आहे. पोर्तुगालमध्ये जिथे पाणी त्यातल्या त्यात उबदार, तिथे इंग्रजी जास्त. आणि जिथे चोहीकडे पोर्तुगीज कानावर पडते, तिथे पाणी बर्फासारखे. पश्चिम किनाऱ्यावरची नाझारे, फिगेइरा द फोझ ही गावे पोर्तुगीज कुटुंबांच्या आवडीची, पण उन्हाळ्यातल्या उत्तरेच्या वाऱ्यामुळे तिथे खोलातले थंड पाणी वर येते. कळंगुटच्या पाण्यात वाढलेली मुले तिथे गुडघाभर जातात आणि परत येतात.

दक्षिणेचा अल्गार्व्ह किनारा त्या मानाने उबदार. पण अल्बुफेइरा, व्हिलामोरा, कार्व्होएइरु ही नावे जाहिरातीत दिसली की पुढे सरका. तिथे वेटर तुमचे 'बों दीअ' संपायच्या आत इंग्रजी मेनू हातात ठेवतो. फारोच्या पूर्वेला मात्र चित्र बदलते. तिथे रिया फोर्मोझा नावाची खाडी आहे: मुख्य किनारा, मग उथळ पाणी, मग वाळूची लांबट बेटे आणि त्यांच्या पलीकडे खुला समुद्र. ओल्यांव, फुझेता, तव्हीरा ही या खाडीवरची गावे. पर्यटक तिथेही आहेत, पण मासळीबाजार, शाळा, न्हाव्याचे दुकान हे सगळे गावकऱ्यांसाठी चालते.

लहान मुले असतील तर आमची पसंती फुझेताला. खाडीवरचा उथळ किनारा गावातून चालत गाठता येतो आणि समोरच्या बेटावर जायला होडी आहे. ओल्यांवचा बाजार सर्वांत भारी, पण गावाला स्वतःचा पोहण्याजोगा किनारा नाही. कुलात्रा किंवा आर्मोना बेटावर रोज बोटीने जावे लागते. तव्हीरा दिसायला सुंदर, खर्चाला थोडे जास्त, आणि तिथलाही समुद्र बेटावरच. त्याच्या बार्रील किनाऱ्यावर पूल ओलांडून छोट्या आगगाडीने जाता येते, पाच-सहा वर्षांच्या मुलांना ती गाडी समुद्रापेक्षा जास्त आवडते.

लिस्बनहून फारोला रेल्वेने साधारण तीन ते साडेतीन तास लागतात. तिकीट आधी काढले तर स्वस्त पडते. ४ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट. फारोहून पूर्वेकडे जाणारी साधी गाडी या तिन्ही गावांत थांबते. फुझेताचे दोन थांबे आहेत: गावाजवळचा तो 'फुझेता-आ'. दुसऱ्यावर उतरलात तर सामान ओढत चालावे लागेल. मोटार भाड्याने घेण्याची घाई करू नका. तिथे रहदारी उजव्या बाजूने, आणि मोटारीत बसलेले कुटुंब आपापसात मराठी-कोंकणीच बोलते. गाडीच्या डब्यात, फलाटावर, तिकीट खिडकीवर मात्र तोंड उघडावेच लागते.

कधी जायचे

ऑगस्टमध्ये पाणी २१ ते २३ अंशांवर असते, पण मुलांची शाळा असते आणि अख्खा पोर्तुगाल तिथेच उतरलेला असतो. सप्टेंबरात पाणी उत्तम, पण चवथ सोडून कोण जाणार? उरतो मे महिना. मे महिन्यात हवा छान, पाऊस क्वचित, भाडी कमी, आणि दुकानदाराला बोलायला वेळ असतो. सरावासाठी हेच सर्वांत मोलाचे. उणी बाजू म्हणजे पाणी १७-१८ अंश. मुलांना पातळ वेटसूट घ्या आणि पोहण्यासाठी खाडीचा उथळ भाग निवडा, दुपारच्या उन्हाने तो जरा तापतो. जीवरक्षकांचा हंगाम काही किनाऱ्यांवर मेच्या मध्याला, बहुतेक ठिकाणी जूनमध्ये सुरू होतो, म्हणून मेमध्ये 'आज इथे जीवरक्षक आहे का' हा पहिला प्रश्न.

दिवाळीच्या सुट्टीत जायचे असेल तर भाषा होईल, समुद्र होईलच असे नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस तिकडे पावसाला सुरुवात होते.

कागदपत्रे, थोडक्यात

शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. मेसाठी फेब्रुवारीत करा. शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना काही नाही. व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पाने कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. मुलांच्या अर्जावर आई-वडील दोघांच्या सह्या लागतात. एक पालक जहाजावर किंवा आखातात असेल तर त्याचे संमतीपत्र आधीच मागवून ठेवा. इथे अर्ज अडू शकतो.

घर भाड्याने घेताना जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि त्यापुढे 'एएल' ही अक्षरे ('अलोजामेंतु लोकाल', म्हणजे पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराची नोंदणी) आहेत का ते पाहा. मालक सर्वांचे पासपोर्ट मागेल. परदेशी पाहुण्यांची माहिती सरकारला कळवणे त्याला बंधनकारक आहे, तेव्हा संशय घेऊ नका. बऱ्याच नगरपालिका मोठ्यांकडून दर रात्रीचा पर्यटन कर घेतात, तोही विचारून घ्या.

निघण्याआधीचे आठ आठवडे

फार शब्द पाठ करण्यात अर्थ नाही. गोव्याच्या विद्यार्थ्याला वाचता येते, लिहिता येते, पण लिस्बनच्या विमानतळावर उतरल्यावर एक शब्द कळत नाही. कारण पोर्तुगालचे लोक स्वर गिळतात. 'एस्ता' असे लिहिलेले 'श्ता' ऐकू येते, 'पेकेनो' चे 'प्केनु' होते. शेवटचा 'ओ' हा 'उ' होतो, शेवटचा 'स' हा 'श'. त्यात मोबाइलवरचे लोकप्रिय ॲप बहुधा ब्राझीलची पोर्तुगीज शिकवते, तिथे स्वर मोकळे आणि शब्दही वेगळे. पोर्तुगालात बस म्हणजे 'आउतुकार्रु', रेल्वे म्हणजे 'कोंबोयु', नाश्ता म्हणजे 'पकेनु-अल्मोसु', आइस्क्रीम म्हणजे 'जलादु', संडास-बाथरूम म्हणजे 'काझ द बान्यु'. ब्राझीलचे शब्द बोललात तरी समोरच्याला कळते, पण त्याचे उत्तर तुम्हाला कळत नाही.

म्हणून पहिले चार आठवडे फक्त कान. पोर्तुगालच्या सरकारी वाहिनीचे आरटीपी प्ले ॲप घ्या, त्यावर मुलांसाठी 'झिग झाग' आहे. रोज वीस मिनिटे. अर्थ लागला नाही तरी चालेल. एकाच कार्यक्रमाचा तोच भाग तीनदा ऐकलेला बरा.

उच्चारांत गोंयकाराला एक आयते भांडवल आहे. अनुनासिक स्वर कोंकणीमुळे जिभेवर असतातच, आणि 'कार्व्हाल्यु', 'नोरोन्या', 'कुतिन्यु' ही आडनावे जो नीट म्हणतो त्याला 'ल्य' आणि 'न्य' शिकवावे लागत नाहीत. घरात १९६१ पूर्वी प्रिमेइरु ग्राव (पोर्तुगीज काळातले प्राथमिक शिक्षण) केलेले आजोबा असतील तर त्यांना सोबत न्या. त्यांचे व्याकरण जुन्या शाळेतले असते, पण त्यांच्याशी बोलताना तिथला म्हातारा माणूस आपण होऊन सावकाश बोलतो आणि नातवंडे मध्ये बसून ऐकतात.

पुढचे चार आठवडे तोंडासाठी. ही वाक्ये घरातल्या प्रत्येकाला झोपेतून उठवून विचारली तरी आली पाहिजेत:

'केरिअ उं काफे, स फाश फवोर': मला एक कॉफी हवी होती. 'मला द्या' म्हणण्यापेक्षा हे सभ्य. बाजार, बेकरी, तिकीट खिडकी, सगळीकडे हाच साचा.
'नांव पर्सबी. माइश दवगार, स फाश फवोर': कळले नाही, जरा सावकाश.
'श्तो आप्रेंदेर पुर्तुगेश': मी पोर्तुगीज शिकतोय.
'क्वांतु ए?': किती झाले?
'अ कोंत, स फाश फवोर': बिल द्या.
'अ की ओरश ए ऊ उल्तिमु बार्कु?': शेवटची होडी किती वाजता?

आभार मानताना पुरुष 'ओब्रिगादु', बाई 'ओब्रिगाद'. ऐकणारा कोण हे बघायचे नसते. आकडे शंभरपर्यंत उलटसुलट यायला हवेत. 'ससेंत' म्हणजे साठ आणि 'सतेंत' म्हणजे सत्तर, यात सगळेच गडबडतात, आणि गडबड नेमकी पैसे देताना होते. मुलांना जुनी बिले देऊन 'दोइश युरुश इ ससेंत' असे वाचायला लावा.

दिवसाची घडी

सराव दिवसभर ठेवला तर तिसऱ्या दिवशी पोरे संप करतील. सकाळी नऊ ते अकरा पोर्तुगीज, नंतर समुद्र, जेवण, झोप, आणि संध्याकाळी ज्याला वाटेल त्याने बोलावे. प्रत्येकाला एक काम ठरवून द्या आणि ते दहा दिवस बदलू नका. धाकट्याने पाव आणायचे. मोठ्या मुलीने होडीच्या वेळा आणि तिकिटे. बाबांनी फोनवर जेवणाचे टेबल राखायचे. फोनवर हातवारे चालत नाहीत, म्हणून हे सर्वांत अवघड काम मोठ्याचेच. आईकडे, किंवा मासे ज्याला कळतात त्याच्याकडे, मासळीबाजार.

कॉफीसाठी रोज एकच टपरीवजा काफे धरा, चौकातला, किनाऱ्यावरचा नको. साडेदहाला जा. सकाळी आठची आणि दुपारी साडेबाराची गर्दी टाळा. गर्दीत वेटर इंग्रजीवर जातो, त्यात त्याचा वेळ वाचतो, तुमचा अपमान नसतो. तेव्हा हसून 'श्तो आप्रेंदेर' म्हणा आणि पोर्तुगीजमध्येच पुढे चला. दोनदा असे केले की तिसऱ्यांदा तो इंग्रजीवर जात नाही.

मासळीबाजारावर वेळ घालवाच. ओल्यांवचे बाजार म्हणजे खाडीकाठच्या लाल विटांच्या दोन इमारती, एकीत मासळी, दुसरीत भाजी-फळे. सकाळी लवकर उघडतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत आवरतात. रविवारी बंद, सोमवारी मासळी तुटपुंजी, कारण रविवारी होड्या जात नाहीत. शनिवारी बाहेर शेतकरी बसतात, त्या दिवशी जा. गोव्याच्या माणसाला इथे घरच्यासारखे वाटते: 'सर्दीन्य' म्हणजे आपली तारली, 'कव्हाल' बांगड्याचा भाऊबंद, 'लूल' माणकी, 'कमरांव' सुंगटे, 'अमेइज्वश' तिसऱ्यांच्या जातीची शिंपली. घासाघीस मात्र करू नका, भाव पाटीवर लिहिलेला असतो. 'सेन्य' म्हणजे नंबराची चिठ्ठी असेल तर घ्या, नसेल तर 'कैं ए ऊ उल्तिमु?', रांगेत शेवटचा कोण, असे विचारा. मग 'मेयु कीलु द कमरांव' आणि मासा असेल तर 'पोद अमन्यार?', साफ करून द्याल का? मासे साफ करण्याला तिथले लोक 'अमन्यार' म्हणतात. हा शब्द पाठ्यपुस्तकात सहसा नसतो, आणि परदेशी माणसाच्या तोंडून तो आला की मासेवाली मान वर करून बघते. मग ती उलट विचारणार: डोके ठेवू की काढू, तुकडे करू की अख्खा? इथे खरी परीक्षा. 'कबेस' म्हणजे डोके, एवढे लक्षात ठेवा. हुमणासाठी डोके लागतेच.

भाड्याच्या घरात हुमण करायचे तर मसाला घरून वाटून, सुकवून न्या. नारळ नेता येतो. युरोपीय संघात ज्या पाच फळांना वनस्पती प्रमाणपत्र लागत नाही त्यांत नारळ आहे. पण मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत: तूप, पेढे, 'चोरीस' (गोव्याचे सॉसेज) घरीच ठेवा. कढीलिंब, हिरवी मिरची, आंबेही नकोत. गोव्यासारखा उकडा तांदूळ बहुधा मिळणार नाही. दुकानात 'अरोश अगुल्य' घ्या, तो लांब दाण्याचा. 'करोलीनु' जाड आणि चिकट होतो. मासे तळण्याआधी खिडकी उघडा, धुराचा भोंगा लगेच वाजतो.

बाहेर जेवताना टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, लोणी येते. त्याला 'कुव्हेर' म्हणतात. हात लावला तर पैसे पडतात, नको असेल तर लगेच 'नांव केरेमुश, ओब्रिगादु' म्हणून परत द्या. 'मेय दोझ' म्हणजे अर्धी डिश, दोन मुलांना पुरते. शाकाहारी माणसाने 'सैं कार्न, सैं पैश' दोन्ही म्हणायचे, नुसते 'सैं कार्न' म्हटले तर मासा येतो. 'काल्दु व्हेर्द' या हिरव्या सुपात सॉसेजचा तुकडा असतो, तो नको असेल तर आधीच सांगा.

मुले बोलत नाहीत, तेव्हा

बहुतेक वेळा कारण आई-बाबाच असतात. मूल दुकानात अर्धे वाक्य बोलते, मागून बाबा व्याकरण सुधारतात, दुकानदार हसतो, आणि मूल पुढचे आठ दिवस गप्प. दुकानात अजिबात टोकू नका. चूक लक्षात ठेवा, रात्री तेच वाक्य स्वतः बरोबर म्हणा, झाले. दुसरी खोड म्हणजे भाषांतर: मूल विचार करत असताना आई उत्तर देऊन टाकते. बाहेर, दाराच्या पलीकडे उभे राहा. धाकट्याच्या हातात दोन युरो असतील, आत एकटा असेल, तर पाव घेऊनच बाहेर येतो.

वाळूवर इतर मुलांत मिसळायला फुटबॉल पुरतो. तिथली मुले एकमेकांना 'तू' म्हणतात: 'कोमु त शामश?', तुझे नाव काय, 'पोसु जुगार?', मी खेळू का. मोठ्यांशी बोलताना मात्र 'तू' नको, पुरुषाला 'ऊ सन्योर', बाईला 'अ सन्योरा' असे आदराने. हंगामात, किंवा उन्हाच्या शनिवार-रविवारी, वाळूतून 'बोल द बर्लीं' विकणारा फिरतो: साखर लावलेला तळलेला गोळा, 'कों क्रेम' किंवा 'सैं क्रेम'. आकड्यांचा आणि 'केरिअ'चा सराव याच्याइतका गोड दुसरा नाही.

समुद्र

किनाऱ्यावरच्या बावट्यांचे नियम गोव्यापेक्षा वेगळे आहेत, मुलांना आधी समजावा. हिरवा: पोहा. पिवळा: पाण्यात उतरा, पोहू नका. लाल: पाय बुडवायचा नाही. निळा-पांढरा चौकटींचा बावटा म्हणजे जीवरक्षक थोड्या वेळासाठी जागेवर नाही.

भरती-ओहोटीचा फरक तिथे उधाणाला तीन मीटरच्या वर जातो. खाडीत पोहायचे ते पूर्ण भरतीच्या आधी-नंतरच्या तास-दोन तासांत. ओहोटीला पाणी खाडीतून खेचले जाते आणि बेटांमधल्या फटींत जबर ओढ असते, तिथे पोहणे नाही. ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलात तिसऱ्या वेचायचा मोह होईल. खुंट्या ठोकलेल्या दिसल्या की समजा, ते कुणाचे तरी 'व्हिव्हैरु' आहे, म्हणजे शिंपल्यांची शेती. हात लावू नका.

पश्चिमेकडे लागुश किंवा पोर्तिमांवला एक दिवस गेलात तर सोनेरी कड्यांच्या सावलीत चादर टाकू नका. तो दगड मऊ आहे आणि कोसळतो. २००९ च्या ऑगस्टमध्ये अल्बुफेइराजवळच्या मारिया लुईझा किनाऱ्यावर असा कडा कोसळून पाच जण गेले. कड्याच्या उंचीच्या दीडपट तरी लांब बसा.

ओहोटीच्या वेळी उथळ वाळूत 'पैश-अरान्य' नावाचा छोटा मासा पुरून बसलेला असतो, पाठीवर विषारी काटे. पायात रबरी चप्पल किंवा पाण्यातले बूट घालूनच चाला. लागलाच तर थंड पाणी, बर्फ नको. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय किमान अर्धा तास बुडवून ठेवा, उष्णतेने त्या विषाचा जोर मोडतो. जीवरक्षकाच्या चौकीवर त्याची सोय बहुधा असते, 'पैश-अरान्य' एवढे म्हटले तरी त्याला कळते. श्वास लागला किंवा सूज वर चढली तर ११२ वर फोन करा.

बेटावर गेल्यावर शेवटच्या होडीची वेळ तिकीट घेतानाच विचारा आणि धक्क्यावरच्या पाटीशी ताडून पाहा. मे महिन्याचे वेळापत्रक उन्हाळ्याच्या वेळापत्रकापेक्षा आखूड असते, आणि सूर्य साडेआठपर्यंत वर असल्याने घड्याळाकडे कुणाचे लक्ष जात नाही.